नोंदीमागचा करार : लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी व्यापारी कायद्याची मूलतत्त्वे

लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याला जमा आणि नावे या दोन बाजू लवकर अवगत होतात. प्रमाणक पाहावे, रक्कम पाहावी, योग्य खात्यात नोंद करावी, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडतो. परंतु त्या प्रमाणकामागे कोणता करार आहे, तो कोणी कोणाशी केला आणि त्यातून कोणाला कोणता हक्क मिळाला, हे प्रश्न पुष्कळदा विचारलेच जात नाहीत. नोंद बिनचूक असूनही पैसे बुडतात ते यामुळेच. नोंदीने हक्क निर्माण होत नाही. हक्क आधी निर्माण होतो आणि नोंद त्याची साक्ष देते. व्यापारी कायद्याच्या अभ्यासाचे हे पहिले सूत्र होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रामपंचायतीच्या सरपंचांनी तालुक्याच्या गावातील दुकानदाराला दूरध्वनी करून नळपाणी योजनेसाठी ऐंशी हजार रुपयांचे पाइप मागविले. पाइप आले, जमिनीखाली गेले, घरोघरी पाणी आले. देयक मात्र तसेच राहिले. दरम्यान निवडणूक होऊन नवे सदस्य आले. चार वर्षांनी दुकानदार वही घेऊन आला. वहीत येणे स्पष्ट लिहिलेले आहे. नवीन सरपंच म्हणतात, “आमच्या दप्तरी ठराव नाही.” दोघेही प्रामाणिक आहेत. मग दुकानदाराला त्याचे पैसे मिळतील काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता व्यापारी कायद्याची बहुतेक मूलतत्त्वे समजून घेता येतात.

करार म्हणजे काय?

आपल्या देशातील व्यापारी कायद्याचा पाया म्हणजे १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आलेला भारतीय करार कायदा. मालविक्री आणि भागीदारी यांविषयीची प्रकरणे प्रारंभी याच कायद्यात होती. पुढे १९३० मध्ये मालविक्रीचा आणि १९३२ मध्ये भागीदारीचा असे स्वतंत्र कायदे झाले. कलम १० नुसार, करार करण्यास पात्र असलेल्या पक्षांनी, मुक्त संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी व कायदेशीर उद्देशाने केलेला समझोता म्हणजे करार. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी यांच्या प्रकरणात निश्चित केले.

करार लेखीच हवा असे मात्र या कायद्याचे म्हणणे नाही. एखाद्या विशिष्ट कायद्याने लेखी दस्त किंवा नोंदणी आवश्यक केली नसेल, तर तोंडी करारही बंधनकारक असतो. अडचण असते ती तो सिद्ध करण्याची.

पहिला प्रश्न : करार कोणाशी?

या प्रश्नाचे महत्त्व समजून घेण्यासाठी नवी मुंबईतील सीबीडी बेलापूर हा परिसर म्हणजे एक उघडी पाठशाळाच आहे. एकमेकांपासून फार दूर नसलेल्या काही इमारती येथे आहेत. वरकरणी सर्वच ‘सरकारी’ वाटतात; कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या चार निरनिराळ्या घरांतील आहेत.

कोकण भवनात विभागीय आयुक्तांचे व राज्य शासनाच्या इतर विभागांचे कार्यालय आहे. हे कार्यालय म्हणजे स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नव्हे; तेथे करार होतो तो महाराष्ट्र शासनाशी. सिडको भवनातील शहर व औद्योगिक विकास महामंडळ ही १७ मार्च १९७० रोजी कंपनी कायद्याखाली नोंदलेली, राज्य शासनाच्या मालकीची कंपनी आहे. १९७१ मध्ये तिला नवीन शहर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. मालक शासन असले तरी कंपनी ही शासनाहून वेगळी व्यक्ती ठरते. १९९२ मध्ये स्थापन झालेली नवी मुंबई महानगरपालिका ही महानगरपालिका कायद्याने निर्माण झालेली स्थानिक संस्था आहे, तर रिझर्व्ह बँकेचा जन्म १९३४ च्या स्वतंत्र कायद्याने झालेला आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. शासनाच्या वतीने होणारा करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने आणि प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो. कंपनीला हा अनुच्छेद लागू नाही, तेथे संचालक मंडळाने दिलेला अधिकार पाहावा लागतो. मुदतीच्या कायद्यानुसार राज्य शासनाला दावा लावण्यास सामान्यतः तीस वर्षांची मुदत आहे. कंपनीचे भागभांडवल शासनाकडे आहे एवढ्याच कारणाने तिला ही सवलत मिळत नाही. म्हणून ‘सरकारी येणे’ या एकाच शीर्षाखाली चारही संस्थांच्या रकमा मांडणारा लेखापाल पुढील पेचाची बीजे पेरीत असतो.

ग्रामपंचायतीलाही हेच तत्त्व लागू आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायत हा निगम निकाय आहे. म्हणजे तिला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करता येते, करार करता येतो, दावा लावता येतो. सरपंच बदलले तरी पंचायत तीच राहते. “ते मागच्या मंडळींनी केले” हे कायद्याच्या दृष्टीने उत्तर होत नाही. मात्र पंचायत बोलते ती ठरावाच्या व नियमांनी ठरविलेल्या मंजुरीच्या मार्गाने, एकट्या सरपंचांच्या दूरध्वनीने नव्हे.

मग मंजुरीविना घेतलेल्या मालाचे काय? येथे करार कायद्याचे कलम ७० उपयोगी पडते. फुकट देण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीरपणे काही दिले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. पश्चिम बंगाल शासनाच्या पुरवठा विभागासाठी एका ठेकेदाराने गोदामे बांधून दिली होती, परंतु रीतसर करार झालेला नव्हता. शासनाने त्या बांधकामाचा उपयोग करून घेतला असल्याने मोबदला दिला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बी. के. मंडल यांच्या प्रकरणात १९६१ मध्ये दिला. आपल्या दुकानदाराच्या बाजूने हा महत्त्वाचा आधार आहे.

भागीदारी संस्थेशी व्यवहार करतानाही हा प्रश्न विचारावा. कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारावरून त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ मध्ये हे बंधन भागीदारांमधील विसर्जनाच्या व हिशेबाच्या दाव्यांपर्यंत वाढविले होते; ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरविली. मूळ बंधन मात्र कायम आहे.

दुसरा प्रश्न : मिळाले काय?

बेलापुरात एखाद्या संस्थेने सिडकोकडून भूखंड घेतला, की बोलताना “जमीन विकत घेतली” असे म्हटले जाते. नवी मुंबईतील भूखंड सिडकोने प्रामुख्याने भाडेपट्ट्याने दिले असून पट्ट्याची रूढ मुदत ६० वर्षांची आहे. या व्यवहाराची रीत अशी : प्रथम भाडेपट्ट्याचा करारनामा होतो, मग ठराविक मुदतीत बांधकाम, आणि अटी पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष भाडेपट्टा. म्हणजे संस्थेला मिळतो तो अटींनी बांधलेला, मुदतीचा उपभोगाचा हक्क. तो हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी व शुल्क यांचा विचार करावा लागतो.

जमिनीची मालकी आणि भाडेपट्ट्याचा हक्क यांची नोंद एकसारखी होऊ शकत नाही. मालकीच्या जमिनीवर सामान्यतः घसारा आकारीत नाहीत; मुदतीच्या हक्काचे मूल्य मात्र वर्षागणिक कमी करीत जावे लागते. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या आणि १ एप्रिल २०१९ पासून अमलात आलेल्या भाडेपट्टाविषयक लेखा मानकात ‘वापराचा हक्क’ ही स्वतंत्र मालमत्ता मानली जाते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. तेव्हा दस्त प्रत्यक्ष वाचल्याशिवाय भूखंडाची नोंद करू नये.

तिसरा प्रश्न : करार कोठे झाला?

दावा कोणत्या न्यायालयात लावायचा हे बऱ्याच अंशी यावर ठरते. या बाबतीत देशभरच्या विद्यार्थ्यांना शिकविला जाणारा निर्णय आपल्या विदर्भातील खामगावच्या एका व्यवहारातून आलेला आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी यांच्यात दूरध्वनीवरून सरकी पेंडीचा सौदा झाला. माल न आल्याने अहमदाबादच्या पेढीने तेथील न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. स्वीकृतीचे शब्द खामगावात उच्चारले गेले, म्हणून करार खामगावातच झाला, असे प्रतिवादींचे म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने निर्णय दिला, की दूरध्वनीवरील करार, प्रस्ताव करणाऱ्याला स्वीकृती जेथे ऐकू येते तेथे पूर्ण होतो. म्हणून अहमदाबादचे न्यायालय सक्षम ठरले. टपालाने पाठविलेल्या स्वीकृतीचा नियम वेगळा आहे. पत्र टाकले जाते तेथे करार होतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदवून दूरध्वनीलाही टपालाचाच नियम लावावा असे म्हटले होते. संगणकीय संदेशांसाठी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने निराळी तरतूद केली असून, संदेश पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे व्यवसायाचे ठिकाण सामान्यतः महत्त्वाचे मानले जाते. तात्पर्य, खरेदीच्या आदेशावर वादाचे न्यायालय कोणते, हे एका ओळीत लिहून ठेवणे हिताचे असते.

चौथा प्रश्न : मागणी केव्हापर्यंत?

आपल्या दुकानदाराचे दुर्दैव येथे आहे. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. कलम ७० खालील भरपाईच्या मागणीलाही सामान्यतः तीनच वर्षे मिळतात. चौथ्या वर्षी येणे वहीत राहते, न्यायालयाचे दार मात्र बंद होते.

हे दार उघडे ठेवण्याचा साधा उपाय १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने कर्ज मान्य असल्याचे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. दरवर्षी मार्चअखेर ‘शिल्लक मान्य’ असे पत्र घेण्याची व्यापाऱ्यांची जुनी पद्धत केवळ शिष्टाचार नाही. तिच्यात ऋणाचा प्राण आहे. कंपनीच्या सही झालेल्या ताळेबंदातील नोंदसुद्धा अशी मान्यता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात स्पष्ट केले. त्यासोबत कोणती टिप्पणी आहे हेही मात्र पाहिले जाते. मुदत संपल्यानंतर ऋणकोने लेखी वचन सहीनिशी दिले, तर कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो.

वहीची साक्ष

व्यवसायात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य असते. परंतु केवळ तिच्या आधारे कोणावरही देण्याची जबाबदारी टाकता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. सुटी पाने म्हणजे वही नव्हे, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले आहे. वहीला मागणीपत्र, पोचपावती, मोजमाप आणि सही यांची जोड मिळाली म्हणजेच तिच्या शब्दाला वजन येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुकानदाराने पाइप दिले, गावाने पाणी भरले. त्याची बाजू न्यायाची आहे आणि तीन वर्षांच्या आत तो गेला असता, तर कलम ७० चा आधार त्याला मागता आला असता. परंतु पंचायतीकडून शिल्लक मान्यतेचे एकही सहीचे पत्र त्याने घेतले नव्हते. आता त्याचा भरवसा राहतो तो पंचायतीच्या सद्भावनेवर आणि ती रीतसर ठराव करून लेखी वचन देईल या आशेवर. ऐंशी हजार रुपये आणि त्यांच्यामध्ये एका कागदाचे अंतर!

हा कागद वेळेवर लिहिला जावा, ही जबाबदारी लेखापालाची जितकी, तितकीच पंचायत सदस्यांची व अधिकाऱ्यांचीही आहे. खरेदीपूर्वी ठराव, मग लेखी आदेश, माल येताच पोच, वर्षअखेरीस शिल्लक मान्यता, हा क्रम पाळला तर कोणाचेही घामाचे पैसे गावाच्या पाण्यात वाहून जाणार नाहीत. शिक्षकांनी वर्गात नोंदीचे उदाहरण देताना रकमेसोबत चार प्रश्नही फळ्यावर लिहावेत : कोणाशी, कशाचा, कोठे, केव्हापर्यंत? ही सवय ज्या विद्यार्थ्याला लागेल, तो उद्या कोणत्याही कार्यालयाच्या टेबलाशी बसला तरी आकड्यांबरोबर माणसांच्या हक्कांचेही रक्षण करील.