शितावरून भाताची परीक्षा

नवी सोन्याची खाण सर्वांत आधी दिसते ती कागदावर, आकड्यांच्या रूपात. यंत्राने जमिनीत खोल भोक पाडून दगडाचा लांबट गोल गाभा बाहेर काढतात, त्याचे तुकडे प्रयोगशाळेत तपासतात व टनामागे किती ग्रॅम सोने आहे ते ठरवितात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

हे आकडे वाचावेत कसे? समजा, ‘२० मीटर, सरासरी २.५ ग्रॅम’ असे जाहीर झाले. आपल्याला वाटते, वीसही मीटर दगड सारख्याच कसाचा. परंतु एका मीटरात ४०.५ ग्रॅम आणि उरलेल्या १९ मीटरांत प्रत्येकी अवघा ०.५ ग्रॅम असला, तरीही सरासरी तीच येते! म्हणून सरासरीच्या पोटातले आकडे पाहावेत. दुसरे असे की, भोक सोन्याच्या शिरेला तिरके छेदून गेले तर लांबी फुगते. ३० अंशांच्या कोनात छेदलेल्या २० मीटरांची खरी जाडी १० मीटरच भरते. शिवाय सोने कणाकणाने विखुरलेले असते. एखादा मोठा कण नमुन्यात आला की आकडा उसळी घेतो. यास्तव शेजारची भोके काय सांगतात तेही विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा फेरतपासणीचा. गाभा उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत धाडतात, अर्धा जपून ठेवतात. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरील बुसांग येथे ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीने ही रीत पाळली नाही. जवळजवळ सगळाच गाभा भरडला गेला. १९९७ च्या फेब्रुवारीत साठ्याचा अंदाज सुमारे ७ कोटी औंसांवर गेला होता. मार्चमध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीने त्याच जागी स्वतः भोके पाडली, तेव्हा सोने नगण्य निघाले. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या तज्ज्ञ संस्थेने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे दाखवून दिले. त्यातले कण नदीतल्या सोन्यासारखे गोलसर होते. शेअर मातीमोल झाले. लहान गुंतवणूकदारांबरोबर ऑन्टारिओतील शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीलाही मोठी झळ बसली. पुढे २००१ मध्ये कॅनडाने अशा अहवालांसाठी कडक नियम लागू केले.

कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवी कशाला? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्याकडे छापील आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. तो खोटा असू शकतो हे कोणाच्या मनातही येत नाही. बुसांगला फसलेले मात्र शिकले-सवरलेले होते. त्यांना बेरीज-वजाबाकी येत होती. राखून ठेवलेला अर्धा गाभा कोठे आहे, एवढे विचारायचे राहून गेले. असा प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हाच माझ्या मते पदवीचा खरा कस.