पिस्तुलाची साफसफाई : आधी रिकामे, मग सुटे

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा परवाना ज्यांना मिळालेला आहे, त्यांच्यावर त्या शस्त्राची निगा राखण्याची जबाबदारीही ओघानेच येते. गोव्यासारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात खारी हवा आणि जून ते सप्टेंबरपर्यंतचा पावसाळा यांमुळे पोलादावर गंज लवकर चढतो. निवडणुकीच्या काळात जमा केलेले शस्त्र परत आल्यावर, तसेच ते बराच काळ कपाटात पडून राहिले असल्यास, त्याची साफसफाई अवश्य करावी लागते. परंतु याच कामात, ‘पिस्तूल रिकामे आहे’ या समजुतीने, गोळी सुटून प्राणहानी होण्याचा संभव असतो. म्हणून या कामाचा योग्य क्रम प्रत्येक परवानाधारकाने समजून घेतला पाहिजे.

धोक्याचे मूळ

पिस्तुलात काडतूस दोन ठिकाणी असू शकते. एक, मुठीत बसणाऱ्या मॅगझीनमध्ये. आणि दुसरे, नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडली की मॅगझीनमधील सर्वांत वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलले जाते. मॅगझीन बाहेर काढले तरी चेंबरमधील काडतूस तसेच राहते, आणि अनेक पिस्तुलांत चाप ओढताच ते उडते.

याउलट, मॅगझीन आत असतानाच कोणी स्लाइड ओढून सोडली, तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडते खरे. पण त्याच क्षणी दुसरे आत शिरते. बाहेर पडलेले काडतूस पाहून मनुष्य निर्धास्त होतो आणि येथेच घात होतो. यास्तव आधी मॅगझीन, नंतर चेंबर, हा क्रम कधीही बदलू नये.

पिस्तूल सुटे करणे

उदाहरणादाखल वॉल्थर पीपीके हे सुपरिचित लहान पिस्तूल घेऊ. जर्मनीतील वॉल्थर कारखान्याने १९२९ मध्ये ‘पीपी’ हे पिस्तूल काढले. पीपीके ही त्याचीच आखूड आवृत्ती होय. ७.६५ मिलिमीटर, म्हणजेच पॉईंट बत्तीस बोअरच्या या पिस्तुलात सात काडतुसांचे मॅगझीन बसते.

१. खोलीत मुले किंवा इतर मंडळी नसावीत. काडतुसे खोलीबाहेर ठेवण्याची सोय आधीच करावी. नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला असावे आणि बोट चापाबाहेर ठेवावे.

२. स्लाइडच्या डाव्या बाजूची सेफ्टी खाली करावी व मॅगझीन काढून बाजूला ठेवावे.

३. स्लाइड पूर्ण मागे ओढून धरावी. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, बोटानेही चाचपावे. चेंबर भरलेले असल्याची खूण म्हणून घोड्याच्या वर एक बारीक पिन बाहेर येते. परंतु केवळ तिच्यावर विसंबू नये. नंतर सर्व काडतुसे खोलीबाहेर न्यावीत.

४. स्लाइड पुढे जाऊ द्यावी. चापाभोवतीच्या कडीचे पुढचे टोक खाली ओढून किंचित एका बाजूला सरकवावे, म्हणजे ती तेथेच अडकून राहते.

५. स्लाइड पूर्ण मागे ओढून तिचा मागचा भाग वर उचलावा आणि हळूहळू पुढे नेत नळीवरून काढून घ्यावी. नळीभोवतीची स्प्रिंगही काढावी.

घरच्या साफसफाईसाठी एवढेच सुटे करणे पुरेसे आहे. नळी खालच्या सांगाड्यात पक्की बसवलेली असते. ती काढण्याचा प्रयत्न करू नये.

सफाई व तेल

खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळ विस्तव, विडी-सिगारेट नसावी. नळी पक्की असल्यामुळे गज तोंडाकडूनच घालावा लागतो. तो कडेला घासला तर तोंडाची कड झिजून नेम बिघडतो. म्हणून गज सरळ धरावा. प्रथम द्रावकात भिजवलेला, नंतर कोरडा फडका, असे फडका स्वच्छ निघेपर्यंत करावे. शेवटी बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जास्त तेलाने धूळ चिकटते, आणि ते काडतुसात झिरपल्यास काडतूस निकामी होऊ शकते. नळीतील काजळीत शिशाचा अंश असतो, म्हणून काम संपताच हात साबणाने धुवावेत. पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते.

पुन्हा जोडणे

स्प्रिंगचे अरुंद टोक आधी नळीवर चढवावे. कडी खाली ओढून बाजूला अडकवावी. स्लाइड नळीवरून ओवून पूर्ण मागे न्यावी, मागचा भाग खाली दाबून बसवावा व पुढे जाऊ द्यावी. कडी पूर्ववत करावी. मॅगझीन न घालता स्लाइड दोन-तीन वेळा मागेपुढे करून ती विनाअडथळा चालते याची खात्री करावी. जोडणी अडली तर जोर करू नये.

वरील रीत सर्वच पिस्तुलांना लागू नाही. ब्राउनिंग १९१० या पिस्तुलात नळीच्या तोंडाशी असलेले टोपण सोडवताच आतील स्प्रिंग उसळून डोळ्याला इजा करू शकते. म्हणून आपल्या शस्त्राबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून प्रात्यक्षिक समजून घ्यावे.

कायदा व कुटुंब

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. त्यामुळे बिघडलेले पिस्तूल ओळखीच्या लोहाराकडे वा मेकॅनिककडे देणे बेकायदेशीर ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

साफ केलेले पिस्तूल व काडतुसे वेगवेगळी, कुलुपात ठेवावीत. शिक्षकांनी मुलांना एवढे अवश्य सांगावे : घरात वा बाहेर शस्त्र दिसल्यास त्याला हात लावू नये, तेथून दूर व्हावे आणि मोठ्यांना सांगावे. आणि मोठ्यांनीही, पिस्तूल हाती घेताना दर वेळी ते भरलेलेच आहे असे मानून प्रथम मॅगझीन व नंतर चेंबर तपासावे. या तपासणीला क्षणभराचाच वेळ लागतो. तो वाचवण्याच्या मोहात कोणी पडू नये.