पुन्हा पुन्हा परत येणारे चिंचोके आणि आकडे

झोका पुढे जातो आणि मागे येतो. तसेच काही आकार आणि काही आकडेसुद्धा फिरून फिरून जागेवर येतात. ते कसे, हे आता पाहू. सामान थोडेच लागते : खडू, पाटी आणि मूठभर चिंचोके.

चिंचोक्यांचा खेळ

जमिनीवर खडूने चौकोनी घरे आखा. वर, खाली, दोन बाजू आणि चार कोपरे मिळून एका घराला ८ शेजारी असतात. नियम तीनच आहेत.

१) चिंचोक्याला २ किंवा ३ शेजारी चिंचोके असतील, तर तो राहतो.
२) २ पेक्षा कमी किंवा ३ पेक्षा जास्त असतील, तर तो उचलायचा.
३) रिकाम्या घराला बरोबर ३ शेजारी चिंचोके असतील, तर तिथे नवा ठेवायचा.

सगळी घरे मोजून होईपर्यंत एकही चिंचोका हलवायचा नाही. उचलायच्या घरात फुली आणि नव्या घरात गोल काढा. मग सगळे एकदम बदला. मधेच एकेक हलवला की खेळ बिघडलाच म्हणून समजा.

आता तीन चिंचोके आडवे ठेवा.

· · ·
● ● ●
· · ·

टोकाच्या दोघांना एकच शेजारी आहे, म्हणून ते जातात. मधल्याला दोन आहेत, तो राहतो. मधल्याच्या वरच्या व खालच्या रिकाम्या घराला तीन-तीन शेजारी आहेत, म्हणून तिथे नवे येतात. झाले उभे तीन!

· ● ·
· ● ·
· ● ·

पुन्हा नियम लावा. परत आडवे तीन! दोन पावलांचा हा फेरा कधी संपतच नाही. चार चिंचोके चौकोनात चिकटून ठेवा, ते हलतच नाहीत. एकटा ठेवला तर तो जातो. दहा चिंचोके एका ओळीत ठेवले तर पुढे १५ पावलांचा फेरा तयार होतो, पण त्याला मोठे अंगण पाहिजे.

हा खेळ इंग्लंडचे गणिती जॉन कॉनवे यांनी शोधला. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकांनी ऑक्टोबर १९७० मध्ये एका मासिकात त्याची माहिती दिली. किती किती पावलांचे फेरे असतात, हे लोक तेव्हापासून शोधत होते. १९ आणि ४१ पावलांचे फेरे शेवटी राहिले होते. ते २०२३ साली सापडले!

आपल्या महाराष्ट्रातील फेरा

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते १९६२ पर्यंत शिक्षक होते. त्यांना आकड्यांचा फार नाद होता. त्यांची रीत बघा. दोन वेगळे अंक असलेली संख्या घ्या. त्या अंकांची मोठी संख्या करा, तिच्यातून लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. आपण ५२ घेऊ.

५२ – २५ = २७
७२ – २७ = ४५
५४ – ४५ = ०९
९० – ०९ = ८१
८१ – १८ = ६३
६३ – ३६ = २७

आलं का परत २७! हा पाच पावलांचा फेरा. ९ आले तर ०९ लिहायचे, हे विसरू नका.

असे का होते? या वजाबाकीचे उत्तर नेहमी ९ च्या पाढ्यातले येते : ९, १८, २७ असे ८१ पर्यंत. म्हणजे उत्तरे फक्त ९ आहेत. दहाव्या वेळी तरी जुने उत्तर यावेच लागते. नियम तोच, म्हणून पुढचे सगळेही तेच येते.

चार अंकांचे मात्र वेगळे आहे. चारही अंक सारखे नसले, की जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत ६१७४ येते. मग ७६४१ – १४६७ = ६१७४. तिथेच थांबले, आपल्या चार चिंचोक्यांसारखे! कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितले. पुढे १९७५ साली त्याच गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा एका शाळामास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते वारले.

याचा आपल्याला उपयोग काय? हातच्याच्या वजाबाकीची पुष्कळांना भीती वाटते. ही रीत करताना आपली आपल्यालाच तपासणी करता येते. दोन अंकी उत्तर ९ च्या पाढ्यात नसले, तर वजाबाकी नक्की चुकली. दुसऱ्याला विचारायला नको.

शाळेत आलेल्या आईबाबांनी पण एक संख्या सांगावी. आम्ही पाटीवर करून दाखवू. घरी अंगणात चिंचोके मांडून बघा, आणि तीनऐवजी पाच आडवे ठेवले तर काय होते, ते वर्गात येऊन सांगा.

– इयत्ता ४ थी