नंबर वर सरकवणारा माणूस

‘यादीत नंबर वर सरकवून देतो’ म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. मी घेतलं नव्हतं. आमच्या मामांनी आणलं.

धाकट्या भावाला टाइप वन मधुमेह. शाळेत असल्यापासून इन्सुलिन, आता वसईतच डायलिसिस. किडनी आणि स्वादुपिंड एकाच वेळी बसवता येतं, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि आठवड्याभरात हा दारात हजर. चहा मागून घेतला. म्हणे, “ताई, केंद्रात आपली माणसं आहेत. पैशाकडे नको, पोराकडे बघा.” मी पावती मागितली तर मामाच डाफरले, “तुला फार कळतं!” ॲडव्हान्स गेला. नोंदणी क्रमांक विचारला की “प्रोसेसमध्ये आहे.” शेवटी व्हॉट्सॲपवर एक आकडा आला. ओळखीचा वाटला म्हणून फाइल काढली. केसपेपरच्या कोपऱ्यात, निळ्या शिक्क्याखाली, तोच आकडा! आमचाच ओपीडी नंबर आम्हाला विकला होता. मामा अजूनही म्हणतात, “टायपिंगची चूक असेल.”

तर ऐका. मुंबई विभागात मृत दात्याच्या अवयवांचं वाटप झेडटीसीसी, म्हणजे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र, करतं. तिथे नाव रुग्णालय नोंदवतं, दलाल नाही. रुग्णालयाला परवाना अवयवागणिक असतो. किडनीचा आहे म्हणजे स्वादुपिंडाचा असेलच असं नाही, तेव्हा आधी तो बघा. अवयवांच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्याला 1994 च्या कायद्याने, 2011 च्या दुरुस्तीनंतर, 5 ते 10 वर्षं कैद आहे. हे ऐकवल्यावर त्याचा फोन बंद झाला, तो झालाच.

स्वादुपिंडाचं ऑपरेशन मुख्यतः टाइप वनवाल्यांसाठी, तेही बहुतेकदा किडनी गेल्यावर. मामांची शुगर गोळीवर आटोक्यात आहे. त्यांनाही तो ‘पॅकेज’ सांगत होता! स्वादुपिंड चाललं तर इन्सुलिन सुटतं, पण ते शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर. त्यांचा महिन्याचा खर्च आधी विचारा. धीर धरा, वगैरे.

आणि विरार-वसईकरांनो, स्वादुपिंड शरीराबाहेर फार तास टिकत नाही, म्हणून फोन आला की लगेच रुग्णालयात पोहोचावं लागतं. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले होते, आणि घोडबंदर रस्त्याचं तर बोलायलाच नको. पावसाळ्यापुरती खाडीपलीकडे राहायची सोय करून ठेवा. आमची बोरिवलीला आत्याकडे आहे. मामांना तो पत्ता दिलेला नाही.