माठ, डबा आणि परात : बाष्पीभवनाचा एक पाठ

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे निघाले की वाटेत फुलंब्री लागते. चैत्र-वैशाखात या तालुक्यातील विहिरी तळ गाठतात आणि टंचाईच्या वर्षी गावोगावी टँकरची वाट पाहावी लागते. प्यायला गार पाणी हवे आणि साठवलेले पाणी पुरवायचेही असते. या दोन्ही गरजांचा संबंध बाष्पीभवनाशी येतो. विज्ञानाच्या पुस्तकात त्याची व्याख्या असते. मुले ती पाठही करतात. परंतु घरातील माठाशी तिचा संबंध जोडून देणे हे शिक्षकाचे काम होय. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे त्याला हा पाठ उशिरा समजला, हे येथे कबूल करणे बरे.

साहित्य अगदी साधे आहे. एक परात, एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, एक नवा माठ, एक तापमापक आणि शक्य झाल्यास वाण्याकडचा तराजू. तिन्ही भांड्यांत एकाच हंड्यातील प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्यावे आणि ती व्हरांड्यात, सावलीत परंतु वारा लागेल अशी ठेवावीत. दर अर्ध्या तासाने तापमान मुलांनीच वाचून वहीत लिहावे. दुपारपर्यंत फरक दिसू लागतो. डब्यातील पाणी भोवतालच्या हवेइतकेच कोमट राहते. परातीतील व माठातील पाण्याचा पारा खाली येतो. तराजूवर पाहिले तर डब्याचे वजन तेवढेच असते. परात आणि माठ मात्र हलके झालेले असतात. जेथे पाणी घटले तेथेच ते गार झाले, हे मुलांच्या ध्यानात येऊ द्यावे. लगेच सांगून टाकू नये.

कारण असे. पाण्याचे सर्व रेणू सारख्या वेगाने हालत नाहीत. जे अधिक वेगवान असतात ते पृष्ठभाग सोडून हवेत निसटतात आणि जाताना उष्णता घेऊन जातात. मागे राहिलेल्या पाण्याची सरासरी ऊर्जा कमी होते, म्हणजेच ते थंड होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दहा लिटर पाणी ३५ अंशांवरून २५ अंशांवर आणायचे तर एक लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतील. हिशेबाने त्याला जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम पाणी उडून जाणे पुरेसे आहे. बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक खर्ची पडते. बंद डब्यातही रेणू निसटतात, परंतु झाकणाखालची हवा लवकरच बाष्पाने भरून जाते. मग जितके रेणू बाहेर पडतात तितकेच परत येतात आणि गारवा थांबतो. झाकलेला चहा गरम राहतो आणि बशीत ओतलेला लवकर निवतो, यामागेही बाष्पीभवनाचा मोठा वाटा आहे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो : माठावरही झाकण असते, मग तो गार कसा होतो? प्रश्न फार चांगला आहे. माठ तोंडाने बंद असला तरी अंगाने उघडा असतो. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते आणि बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते. खात्री करायची असेल तर दुसऱ्या माठाला बाहेरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून पाहावे. तो माठ केवळ मातीचा डबा होऊन बसेल. जुना माठ पूर्वीसारखा गार करीत नाही, यालाही हेच कारण आहे. विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांनी त्याची छिद्रे बुजतात. म्हणून दर उन्हाळ्यात नवा माठ घेण्याची आपल्याकडील रीत शास्त्राला धरून आहे.

हवा किती कोरडी आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त सुमारे २२ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत, ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असताना, ही मर्यादा २८ अंशांच्या आसपासच थांबते. मराठवाड्याचा माठ कोकणात नेला तर तो तितका गार का करीत नाही, हे यावरून कळेल.

आता दुसरी बाजू. बाष्पीभवनाचा गारवा फुकट मिळत नाही, त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. माठापुरती ती परवडते. शेततळ्याला परवडत नाही. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद शेततळ्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटर जरी उतरली, तरी नऊ हजार लिटर पाणी हवेत जाते. हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. ज्यांच्या शेतात तळे आहे ती घरी जाऊन नक्कीच सांगतील. भाजीपाला पिकविणाऱ्यांसाठी मात्र हेच तत्त्व उपकारक ठरले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या शून्य ऊर्जा शीतकक्षात विटांच्या दोन भिंतींमधील वाळू ओली ठेवतात. विजेशिवाय भाजी अधिक दिवस ताजी राहते.

शाळेतील पिण्याच्या पाण्याची टाकी झाकलेली असावी आणि वर्गात माठ असावा. माठाखाली परात ठेवल्यास ठिबकलेले पाणी झाडाला घालता येते. रोज सकाळी माठ भरताना किती तांबे लागले, हे वर्गातील एकाने लिहून ठेवावे. महिनाभराच्या नोंदीत उन्हाचे दिवस आणि ढगाळ दिवस मुलांना स्वतःच ओळखता येतील.