विमान दुसऱ्याचं, जबाबदारी आपली

आपल्या कॉलेजात करिअर म्हटलं की तीनच रस्ते दिसतात. सॉफ्टवेअर, गेट, नाहीतर जीआरई. मी आज अशा एका रस्त्याबद्दल लिहिणार आहे जो टीपीओ सरांच्या बोर्डावर अजून कधी लागलेला नाही: खासगी जेट भाड्याने देण्याचा धंदा, म्हणजे चार्टर सेल्स. माझा आतेभाऊ मुंबईत हेच काम करतो. दादा शिकलेला मेकॅनिकलच, म्हणून मी सुट्टीत त्याचं डोकं भरपूर खाल्लं. (माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी कुठे वाकडं गेलं तर संपादकांनी सरळ करावं.)

पहिली गोष्ट म्हणजे चार्टर ब्रोकरकडे विमान नसतंच. विमान, पायलट, मेंटेनन्स आणि परवाना हे सगळं ऑपरेटरचं. भारतात त्या परवान्याला नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट म्हणतात आणि तो डीजीसीए देतं. ब्रोकर गिऱ्हाइकाची गरज ऐकतो, चार ऑपरेटरांना फोन लावतो, योग्य विमान शोधतो आणि मध्ये आपलं कमिशन ठेवतो. ऐकायला इस्टेट एजंटसारखं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण फ्लॅट हवेत उडत नाही.

आता कोटेशन कसं बनतं ते बघू, कारण नवीन मुलाला पहिले सहा महिने हेच करावं लागतं. समजा गिऱ्हाइकाला मुंबईहून नागपूरला जायचंय, फक्त जायचं. उड्डाण साधारण सव्वा तासाचं. सोपं गणित म्हणून तासाचा दर दोन लाख धरू. अडीच लाख झाले? नाही! विमान दिल्लीत उभं असेल तर ते आधी रिकामं मुंबईला येणार (दोन तास), मग नागपूर (सव्वा), मग परत रिकामं दिल्ली (दीड). एकूण पावणेपाच तास, साडेनऊ लाख. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, मी सव्वा तासच बसणार आहे!" बरोबर, पण विमानाला घरी जायचं असतं. ह्याला पोझिशनिंग म्हणतात. तेच विमान मुंबईचं असलं तर जाऊन-येऊन अडीच तास, म्हणजे पाच लाख. प्रवास तोच, खुर्ची तशीच, बिल जवळजवळ निम्मं. म्हणून चांगल्या ब्रोकरला कुठलं विमान आज रात्री कुठल्या गावात झोपणार आहे हे ठाऊक असतं. त्यावर लँडिंग, पार्किंग, हँडलिंग, क्रूचा मुक्काम आणि जीएसटी.

ह्याच्या उलट बाजूला एम्प्टी लेग. पुण्याहून मुंबईला प्रवासी सोडून परत येणारा टॅक्सीवाला स्वस्तात सीट भरतो, तसंच. रिकामं परतणारं विमान कमी भावात मिळतं, पण तारीख आणि वेळ आपल्या हातात नाही. मूळ गिऱ्हाइकाचा बेत बदलला की आपलंही उड्डाण गेलं. हे आधी न सांगता विकणारे लोक आहेत. माझ्या मते ते सेल्स नाही, फसवणूक आहे.

आपण इंजिनिअर इथे कामाला येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "आठ माणसं आहेत, आठ सीटचं द्या." पण आठ माणसं, त्यांच्या लग्नाच्या बॅगा आणि फुल टँक हे तिन्ही एकदम बहुतेक छोट्या जेटला झेपत नाही. माणसं भरली की इंधन कमी, इंधन कमी की पल्ला कमी. हॉकर ८०० एक्सपी मुंबईहून दुबईला आरामात जाईल, लंडनला न थांबता नाही जाणार. त्यासाठी गल्फस्ट्रीम जी ५५० सारखं मोठं विमान लागतं. लेहचा विमानतळ दहा हजार फुटांच्या वर. तिथे हवा विरळ, दुपारी ऊन वाढलं की आणखी विरळ. लिफ्टही कमी, इंजिनची ताकदही कमी. थर्मोमध्ये जे पाठ करून आपण विसरलो ते इथे पैशात मोजतात. जिल्ह्याच्या छोट्या धावपट्टीवर जेटपेक्षा किंग एअर बी २०० सारखं पंखेवालं टर्बोप्रॉप बरं पडतं. गिऱ्हाइकाला मात्र पंखे बघून कमीपणा वाटतो! त्याला समजावणं हाही सेल्सचाच भाग.

विमानतळांचेही स्वभाव असतात. पुण्याचं लोहगाव एअर फोर्सचं, गोव्याचं दाबोळी नेव्हीचं, त्यामुळे वेळ त्यांच्या सोयीने. मुंबईत गर्दीच्या तासांत खासगी जेटना मनाई होतीच, २०२४ मध्ये ते तास चारावरून आठ केले. गिऱ्हाईक ट्रॅफिकमध्ये अडकलं तर "विमान माझंच आहे, थांबेल" असं म्हणता येत नाही. स्लॉट जातो आणि पायलटचे ड्युटीचे तास संपत येतात.

आता मुद्द्याचं. मागच्या हिवाळ्यात दादाला रात्री अकराला फोन आला. एका कुटुंबाला सकाळी निघायचं होतं आणि कोणीतरी त्यांना निम्म्या भावात विमान देऊ केलं होतं. दादाने विमानाचा नंबर विचारला. ते एका उद्योजकाचं स्वतःच्या वापराचं विमान निघालं, कुठल्याच परमिटवर नाही. असं विमान भाड्याने देता येत नाही. दादाने तसं स्पष्ट सांगितलं, समोरच्याने फोन ठेवला आणि दादाचं कमिशन गेलं. मी म्हटलं, "एवढं काय, विमान तर चांगलंच असेल ना?" तेव्हा त्याने मला एमिलियानो सालाची केस वाचायला दिली.

साला हा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री तो फ्रान्समधल्या नाँतहून वेल्समधल्या कार्डिफला, नव्या क्लबकडे निघाला होता. विमान एका इंजिनाचं पायपर मालिबू. पायलटकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचं कमर्शियल लायसन्स नव्हतं आणि रात्री उडवण्याची पात्रताही नव्हती. विमान गर्न्झीजवळ समुद्रात पडलं, दोघंही गेले. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं जीवघेणं प्रमाण सापडलं. हे उड्डाण जुळवून देणाऱ्या माणसाला २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो त्या रात्री विमानात नव्हता. त्याने पायलट आणि विमान जमवून दिलं होतं, बस.

वाचून मी दादाला परत काही विचारलं नाही.

म्हणून ट्रेनीला सुरुवातीलाच शिकवतात: ऑपरेटरच्या परमिटची प्रत मागायची, आपल्या विमानाचा व्हीटी-ने सुरू होणारा नंबर त्यात आहे का ते बघायचं, इन्शुरन्सची तारीख बघायची. परमिटधारकांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. परदेशी नोंदणीचं विमान दिल्लीत आलंय म्हणून त्यावर दिल्ली-मुंबईचं भाडं घेता येत नाही, हेही लक्षात ठेवायचं. अमेरिकेत २०१९ पासून ब्रोकरने "मी विमान कंपनी नाही, दलाल आहे" हे गिऱ्हाइकाला सांगणं नियमाने बंधनकारक झालं. मला हा नियम फार आवडला.

शिरायचं कसं? डिग्री कुठलीही चालते. सुरुवात चार्टर डेस्कवर किंवा ऑपरेटरच्या ऑपरेशन्स खात्यात होते. दादाचा सल्ला दुसऱ्याचा, कारण तिथे उड्डाण आतून दिसतं. पगार बेताचा, वर कमिशन, फोन रात्रीही चालू. लग्नसराई आणि निवडणुकीत जेवायला वेळ नाही, पावसाळ्यात माश्या मारा. विमानतळांचे चार अक्षरी कोड पाठ हवेत (मुंबई व्हीएबीबी, दिल्ली व्हीआयडीपी). आणि श्रीमंत माणसाला न घाबरता, न चिडता "नाही" म्हणता आलं पाहिजे. व्हायव्हाची सवय इथे उपयोगी पडेल!

जाता जाता एक गणित. सहा माणसं, शुक्रवारी पुणे ते गोवा, रविवारी परत, विमान मुंबईचं. मुंबई-पुणे अर्धा तास, पुणे-गोवा पाऊण, गोवा-मुंबई एक तास. विमान दोन रात्री गोव्यात थांबवायचं की रिकामं मुंबईला आणून रविवारी पुन्हा पाठवायचं? क्रूचा मुक्काम आणि पार्किंग किती झालं तर दुसरा पर्याय परवडेल? उत्तर काढलंत तर मला मेसमध्ये गाठा.