शिवनेरी : विहार आणि दुर्ग

उरणनजीकचा आपला द्रोणागिरी म्हणजे मारुतीने हिमालयातून औषधींचा पर्वत आणला, त्या वेळी गळून पडलेला त्याचा एक तुकडा होय, अशी लोककथा या भागात सांगतात. कथा ती कथाच; परंतु गढवालात द्रोणागिरी नावाचे तेवीस हजार फुटांहून उंच शिखर खरोखरच आहे. हिमालय व सह्याद्री यांस जोडणारा आणखी एक धागा आहे, व तो कथेचा नसून इतिहासाचा आहे. दोन्ही ठिकाणी बौद्ध भिक्षूंनी व दुर्ग बांधणाऱ्यांनी पुष्कळदा एकच डोंगर निवडला.

हिमालयातील स्पितीच्या खोऱ्यात, सुमारे पावणेतेरा हजार फूट उंचीवर धन्खर नावाचे स्थान आहे. पिन व स्पिती या नद्यांच्या संगमावर झुकलेल्या कड्याच्या टोकास तेथील विहार चिकटून बसला आहे. धन्खर या नावाचा अर्थच मुळी ‘कड्यावरील किल्ला’ असा आहे. पूर्वी ही स्पितीची राजधानी होती. एकाच कड्यावर भिक्षू प्रार्थना करीत आणि राज्यकर्ते खोऱ्यावर नजर ठेवीत.

इतक्या दूर जाणे सर्वांस साधणार नाही. परंतु अशाच प्रकारचा एक डोंगर पुणे जिल्ह्यात जुन्नर गावाशेजारी उभा आहे. तो म्हणजे शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी श्रीशिवछत्रपतींचा जन्म येथे झाला, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. मात्र त्यापूर्वी दीड सहस्र वर्षांहून अधिक काळ आधी हाच डोंगर भिक्षूंचे निवासस्थान होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून ख्रिस्ती शकाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारापर्यंत ती खोदली गेली. एवढी लेणी येथेच का, याचे उत्तर नाणेघाटात मिळते. कोकणातील कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल बैलांच्या पाठीवरून हा घाट चढून जुन्नरास येई व तेथून पुढे पैठणाकडे जाई. सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख याच घाटात आहे. मार्गावर व्यापारी, व्यापाऱ्यांपाशी धन, आणि वर्षाकाळी एका जागी राहणाऱ्या भिक्षूंस निवाऱ्याची गरज. या तिहींच्या संयोगाने हे विहार निर्माण झाले.

आता शिवनेरीच्या शिलालेखांकडे पाहू. वीरसेनक नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने येथे चैत्यगृह दिले व ते सर्व लोकांच्या हितसुखासाठी असल्याचे कोरून ठेवले. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयाने, भिक्षुसंघास भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, खोदवून दिली. जन्माने परके असलेले हे लोक येथील तहानलेल्यांची चिंता वाहत होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हे लेख शतकानुशतके कोणास वाचता येत नव्हते. एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातील लेण्यांचा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे मिशनरी विद्वान डॉ. जॉन विल्सन यांनी या लेण्यांवर विस्तृत निबंध लिहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी त्यांतील लेखांचे वाचन १८८१ साली प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे हे दगड पुन्हा बोलू लागले.

भिक्षूंस ज्या गुणांमुळे हा डोंगर आवडला, तेच गुण किल्लेदारांसही हवे होते. ताशीव कडे, मोजक्या वाटा, पोटात पाणी आणि डोळ्यांखाली व्यापारी मार्ग! भिक्षूस यांतून एकांत मिळाला, तर राजास संरक्षण. पंधराव्या शतकाच्या अखेरीस शिवनेरी निजामशाहीच्या संस्थापकाच्या हाती आला. पुढे तो मोगलांकडे असता, १६७३ साली जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्याने त्यास भेट दिली. हजार कुटुंबांस सात वर्षे पुरेल इतका साठा गडावर असल्याचे त्याने नमूद केले आहे. आपले जन्मस्थान हाती यावे म्हणून महाराजांनी यत्न केले. परंतु त्यांच्या हयातीत हा गड स्वराज्यात आला नाही. तो मराठ्यांस मिळाला शाहू महाराजांच्या काळी.

गड पाहावयास जाणाऱ्याने सात दरवाजांच्या वाटेने चढावे, शिवाईदेवीचे दर्शन घ्यावे, जन्मस्थानी मस्तक नमवावे. परंतु तेवढ्यावर परत फिरू नये. माहीतगार माणूस बरोबर घेऊन कड्यातील लेणीही पाहावी. भिक्षूंच्या लहान खोल्या, छतावरील रंगांचे अवशेष आणि ती टाकी डोळे भरून पाहावी. लेण्यांकडील वाटा अरुंद आहेत, म्हणून पावसाळ्यात हे धाडस करू नये. कड्याला मधमाश्यांची पोळी असतात. तेथे आरडाओरडा व धूर वर्ज्य समजावा.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत शिवनेरी आहे. मान जगाने दिला. जतन आपणांसच करावयाचे आहे. अनेक गडांच्या भिंतींवर कोळशाने अथवा खिळ्याने लिहिलेली नावे दिसतात. नाव वीरसेनकानेही कोरविले, इरिलानेही कोरविले. परंतु एकाने आधी चैत्यगृह दिले आणि दुसऱ्याने आधी पाणी दिले. नाव मागाहून आले. विद्यार्थिमित्रहो, काही न देता दगडावर नाव ओढणारा त्या दात्यांच्या पंक्तीस बसत नाही. तो केवळ त्यांचे अक्षर पुसतो. गडावर जाल तेव्हा हा भेद ध्यानी धरा, आणि धाकट्या भावंडांसही तो समजावून सांगा.